दोरा बांधलेली नळी

योआखिम सरांना मी पहिल्यांदा भेटले ते भांडायला. सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमध्ये ते आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. माझ्या मुलीची परीक्षा होती आणि खालून बॅगपाइपचा आवाज येत होता. दार सरांनीच उघडले. आतून त्यांच्या पत्नी, माधुरीताई, म्हणाल्या, "बघ, सांगत होते ना? आता मराठीत बोलणी खा." सरांनी परीक्षेच्या तारखा विचारल्या आणि कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवल्या. शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मीच खाली गेले आणि म्हणाले, "आता वाजवा." तेव्हापासून मी त्यांची विद्यार्थिनी आहे.

आपल्या इथल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण सरांना ओळखतात ते गणपतीत ढोलांसोबत वाजवणारे जर्मन जावई म्हणून. त्यांच्या बँडविषयी ते स्वतः फारसे बोलत नाहीत. तरुणपणी ते आणि त्यांचे मित्र उवे जर्मनीतल्या जत्रांमधून मध्ययुगीन चाली वाजवत. पुढे त्यांनी त्या चालींना इलेक्ट्रिक गिटार आणि हेवी मेटल रॉकचे ड्रम जोडले. जुन्या संगीताचे जाणकार म्हणाले, हा गोंगाट आहे. मेटल ऐकणारी मुले बॅगपाइप पाहून हसली. 'ग्राउटोर', म्हणजे करडी वेस, हा त्यांचा बँड दोघांच्या मध्ये उभा राहिला. नवे गाणे आधी बाजारात, विजेशिवाय वाजवायचे आणि लोक थांबले तरच रेकॉर्ड करायचे, हा त्यांचा नियम. मोठे महोत्सव मिळू लागले तरी तो सुटला नाही. गायक सोडून गेले तेव्हा ते नुसत्या चाली वाजवत राहिले. उवे वारले. उवेंनी स्वतः कोरलेल्या, बॅगपाइपच्या लाकडी नळीवर सर प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात करू लागले.

निरोपाच्या दौऱ्यात बँड सिंगापूरला येणार होता. आधी चार दिवस सरांना कामासाठी बाहेर जावे लागले. नळी माझ्याकडे देऊन ते म्हणाले, "दमट हवेपासून जपा." इथे कॅमेऱ्याला बुरशी लागू नये म्हणून आपण ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारे कपाट, वापरतो. नळी मी त्यात, लेन्सच्या शेजारी ठेवली. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बाहेर काढली तेव्हा लाकूड इतके सुकले होते की नळीला उभी चीर गेली होती.

मी ती खाली घेऊन गेले. बँडमधले सगळे जेवत होते. ड्रमर डीटर यांनी नळी पाहिली आणि घास खाली ठेवला. "हे कुणी केलं?"

"मी," सर म्हणाले. "लाकूड कसं ठेवायचं ते यांना सांगितलंच नाही."

मी रडू लागले. सरांनी सरस आणि मेणाचा दोरा आणला. चीर चिकटवली आणि दोरा माझ्या हातात दिला. "गुंडाळा."

"मी नको, सर. अजून फुटली तर?"

"तर उद्या सुरुवातीला डीटर गाईल."

"बाई, घट्ट बांधा," डीटर म्हणाले. "लोकांचा विचार करा."

माधुरीताईंनी माझ्यासाठी पान वाढले. "दोरा झाला की जेव गं. हे काही तुला उपाशी सोडायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी नळी वाजली. वरचा एक स्वर मात्र निघाला नाही. त्या जागी सर दर वेळी थांबले आणि त्यांच्याबरोबर सगळा बँड थांबला. कुणीही ती जागा भरली नाही.

कार्यक्रमानंतर मी नळी परत द्यायला गेले. सरांनी ती घेतली नाही. "तुमच्याकडे राहू द्या. दोरा सैल झाला की बांधा."

बँड आता थांबला आहे. नळी माझ्याकडे आहे, उघड्या फळीवर. बाकीच्या चाली मला अजून शिकायच्या आहेत, आणि त्या सरांकडूनच शिकायच्या आहेत. सरांना आता साठ वर्षे पूर्ण झाली; यापुढची त्यांची वर्षे निरोगी असोत, पुष्कळ असोत. त्यांचा दम टिकून राहो. त्या एका स्वराशी मी अडले की खालून त्यांची हाक येत राहो: "थांबा. आता पुढे."