स्नेहलची सोयरीक आणि रशियाचा करार

आमच्या स्नेहलची जुळत आलेली सोयरीक अमेरिका आणि रशियामुळं मोडता मोडता राहिली. लोकांना वाटतं मी चेष्टा करतोय. मी चेष्टा करत नाही. फक्त एवढंच, की त्यात त्या दोन्ही देशांचा तसा काही दोष नव्हता. दोष माझा होता.

स्नेहल म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, आण्णाची मुलगी. बीएस्सी झालेली, शिरूरला एका क्लासमध्ये शास्त्र शिकवणारी आणि घरात कुणाचंही ऐकून न घेणारी. (हे शेवटचं पाहुण्यांना सांगायचं नाही असं ठरलं होतं.) स्थळ दौंडचं. मुलगा अक्षय, शिक्रापूरच्या एका कंपनीत क्वालिटीला. तिकडंच खोली घेऊन राहायचा. त्याला वडील नव्हते, त्यामुळं सगळा कारभार मामांच्या हातात. मामा रेल्वेतून रिटायर झालेले. आवाज मात्र अजून नोकरीवर होता.

पाहुणे आमच्या गावी, न्हावऱ्याला यायच्या दिवशी सकाळीच माझी बायको सुनंदा मला गोठ्यात गाठून म्हणाली, "आज तुम्ही बोलू नका."

"अगं, चुलता हाय मी! गप बसलो तर पाहुन्यांना वाटंल मुका हाय."

"वाटू द्या. मुक्या चुलत्यापायी कुनाची सोयरीक मोडल्याली मी तरी ऐकली न्हाई."

शेवटी तडजोड झाली. कारखान्याच्या निवडणुकीवर बोलायचं नाही, कारण मामा एका पॅनलचे आणि आण्णा दुसऱ्या पॅनलचा. भीमेच्या पाण्यावर बोलायचं नाही, कारण शिरूर आणि दौंडचं त्यावर आजवर जमलेलं नाही. आणि मी बिबट्या पाहिला होता ती हकीकत तर अजिबात सांगायची नाही. (बिबट्या तीन उड्यांत निघून गेला होता. हकीकत संपायला जेवणवेळ होते.)

पाहुणे आले. मामा आले, अक्षय आला, अक्षयची आई आली. रामराम झाला, पाणी झालं, पोहे झाले. आणि मग बैठकीत अशी शांतता पसरली की पंखासुद्धा लाजून कुरकुरायला लागला. आण्णा आढ्याकडं बघतोय, मामा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघतायत, अक्षय स्वतःच्या मोज्यांकडं. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, कोपऱ्यातल्या खाटेवर डोळे मिटून पडलेले.

मला राहवेना. पण मी शहाणपणा केला. म्हटलं, असा विषय काढू की ज्याचा न्हावऱ्याशी संबंध नाही, दौंडशी नाही, कुणाच्या पॅनलशी नाही. सकाळीच टपरीवर पेपर वाचला होता.

"काय मामा," मी म्हणालो, "त्यो अमेरिका-रशियाचा अणुबॉम्ब कमी ठेवायचा करार संपला म्हनं!"

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. ती सुनंदाच्या हातातली पळी होती.

मामांनी बशी खाली ठेवली. "संपला? लई बरं झालं!"

"बरं कसं झालं?" हा आवाज खाटेवरून आला. आबांचे डोळे टक्क उघडे!

"करारानं काय हुतंय, आबा?" मामा सरसावून बसले. "कागदावर सही करायची आन् कोठारात माल भरायचा. ज्यानं आधी हत्यार खाली ठेवलं त्यो मेला. त्या युक्रेननं न्हाई का सगळी देऊन टाकली? आज काय गत हाय त्याची?"

"आन् न्हाई ठेवलं तर?" आबा उठून बसले. "ह्यानं शंभर केली की त्यो दोनशे करनार. मग ह्यो तीनशे. अहो, दुनिया एकदाच जळायची हाय. का राखुंडी झाल्यावर परत पेटवनार हाय?"

मुलीचा बाप म्हणून आण्णाला वाटलं, आपण पाहुण्यांच्या बाजूनं असावं. तो म्हणाला, "आबा, मामांचं बराबर हाय."

"तू गप!" आबा कडाडले. "पोरगी द्यायची म्हून अक्कलबी देऊन टाकली का?"

इतक्यात अक्षयची आई हळूच म्हणाली, "मला तर आबांचं पटतंय बाई."

मामा गर्रकन वळले. "ताई! तू कुनाकडनं आलीयास?"

झालं! मुलीचा बाप मुलाच्या मामाकडं आणि मुलाची आई मुलीच्या आज्याकडं! सोयरीक जुळायच्या आधीच माणसांची अदलाबदल झाली. आता ही आग मीच लावली होती, तेव्हा विझवायला मीच पुढं झालो. (सुनंदा दारातून डोळ्यांनी 'नको, नको' म्हणत होती. मला वाटलं, पोहे अजून वाढू का म्हणून विचारतेय.)

"भांडन कशाला?" मी म्हणालो. "चीनला बी करारात घ्या. मिटलं!"

"चीन कशाला यील?" मामा ओरडले. "त्यो म्हनतो, तुमची कोठारं भरल्याली, आधी तुम्ही कमी करा!"

"मग चुकीचं काय म्हनतो?" आबा ओरडले.

"मग आपल्या भारतानं करावी का सही?" मी विचारलं. नुसतं माहितीसाठी!

"आपन? आपन का म्हून?" शांततेच्या बाजूनं लढणारे आबा खाटेवरून खालीच उतरले. "आधी थोरल्यांनी कमी करावी! धाकल्यानंच हात वर करायचे व्हय?"

"आता कसं!" मामांनी मांडीवर थाप मारली. "मगापासनं शांतीचं सांगत हुता, आन् सोतावर आल्यावर? ही माझीच बाजू झाली!"

"तुमची बाजू मी कवाच घेनार न्हाई!"

"न्हाई ना? मग ऱ्हायलं!" मामा ताडकन उठले. टोपी डोक्यावर चढली. "अक्षय, गाडी काढ."

पंखा कुरकुरायचा थांबला. (वीज गेली होती, पण त्या क्षणी मला वाटलं, त्यालाही धक्का बसला.) आण्णाचा चेहरा पांढराफटक पडला. वर्षभर धडपडून मनासारखं स्थळ मिळालेलं, पोरगा शांत, आई मायाळू, आणि ते मॉस्कोच्या नावानं उठून चाललेलं. मी सुनंदाकडं बघितलं नाही. काही गोष्टी माणसानं बघू नयेत.

आणि मग न बोलावता स्नेहल चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

"मामा, बसा. चहा घ्या," ती म्हणाली. "आन् करार विश्वासावर नसतोच. विश्वास नसतो म्हनून तर करतात. एकमेकांच्या तळावर जायचं, किती हायेत ते मोजायचं, सांगितलं तेवढीच हायेत का बघायचं. ह्यांचं हे जानं-येनं आधीच बंद पडलं हुतं. करार तवाच आजारी पडला."

मामांनी तोंड उघडलं. पण बोलला अक्षय. इतक्या वेळात पहिल्यांदाच!

"बराबर हाय," तो म्हणाला. "आमच्या कंपनीत पन तसंच. सप्लायर चांगला हाय म्हनून माल घेत न्हाई. चेक करून घेतो."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. खरं सांगतो, आम्ही सगळे तिथं उगाच बसलोय असं मला त्याच वेळी वाटून गेलं.

"मग तुमची शिक्रापूरची खोली मी बघनार," स्नेहल म्हणाली. "आजच."

"आजच?"

"सांगून केली तर तपासनी कसली?"

अक्षयनं मान खाजवली. "या. पन आधीच सांगतो, खोलीत लई पसारा हाय. कपडे खुर्चीवर असत्यात आन् खुर्ची दिसत न्हाई."

"आपल्यात पोरगी खोली तपासत नसती!" मामा गरजले.

"मी आई असून मला अजून दावली न्हाई त्यानं," अक्षयची आई म्हणाली. "मी बी येनार!"

मामांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आपल्या बाजूला फक्त आण्णा उरलाय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्याचा काही उपयोग नाही हेही. "असं व्हय?" ते म्हणाले. "मग तपासनी दोन्हीकडनं! तुमचं घर आत्ता, हितनंच सुरू!" आणि ते तरातरा आतल्या खोलीच्या दाराकडं निघाले.

"मामा, त्या खोलीत नको!" मी ओरडलो.

चूक झाली. 'नको' म्हटल्यावर कुठला तपासणारा थांबतो?

त्याचं असं होतं, की पाहुणे येणार म्हणून सुनंदानं मला घर आवरायला सांगितलं होतं. मी घर आवरण्याची माझी एक पद्धत आहे. घरातलं जे जे दिसेल ते आतल्या खोलीत कोंबायचं आणि दाराला पाठ लावून कडी घालायची. मामांनी ती कडी काढली.

आधी गोधड्या आल्या. मग ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं आलं. मग मोडका कूलर, कांद्याच्या रिकाम्या पिशव्या, तीन छत्र्या, दुधाचं एक कॅन गडगडत, आणि सगळ्यात शेवटी, सगळं पडून झाल्यावर, विचार करून पडल्यासारखी माझी एक लुंगी. मामा दिसेनासे झाले.

कुणी हसेना, कुणी हलेना. आण्णानं तर डोळेच मिटले. आणि गोधड्यांच्या ढिगातून तो रेल्वेचा आवाज आला:

"आबा! कोठार सापडलं!"

आबा पहिले हसले. खोकला लागेपर्यंत हसले. मग अक्षयची आई, मग पदर तोंडाला लावून सुनंदा. (ती हसली म्हणजे मी वाचलो असं मी धरून चाललो. ते चुकीचं होतं, पण ते नंतर कळलं.) आबांनी स्वतः हात देऊन मामांना बाहेर काढलं. मामांच्या गळ्यात ठिबकची नळी हारासारखी अडकली होती.

"लागलं का हो?" आबांनी विचारलं.

"लागलं न्हाई. पन तुमी माल दडवला हुता, हे लिहून ठेवा!"

"दडवला ह्या गाढवानं," आबा माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले. त्यावर दोन्ही बाजूंचं ताबडतोब एकमत झालं. त्या दिवसातलं पहिलंच!

मग दोन गाड्या करून सगळे शिक्रापूरला. तळेगावच्या पुढं ट्रकांची रांग लागलेली. मामा आमच्या गाडीत आबांच्या शेजारी बसले, कारण वाद अर्धवट सोडणं दोघांच्याही तब्येतीला मानवत नव्हतं. फ्रान्स झालं, पाकिस्तान झालं, दोघं घामाघूम झाले, मध्येच मामांनी आबांना आपल्या पिशवीतली पेरूची फोड दिली आणि परत भांडायला सुरुवात केली.

अक्षयच्या खोलीचं दार त्याच्या बिहारी रूम पार्टनरनं उघडलं. कमरेला टॉवेल, हातात लाटणं. दारात एवढी माणसं बघून तो घाबरला.

"अरे अक्षय भाई, आज तो तुम लड़की देखने जाने वाले थे ना?"

"गया था," अक्षय म्हणाला. "अब लड़की देखने आई है।"

टॉवेल सावरत तो जो आत पळाला, तो शर्ट घालूनच बाहेर आला. स्नेहलनं खोली बघितली. खुर्ची खरंच दिसत नव्हती. चपला होत्या, डबे होते, दोरीवर बनियन होते, ओट्यावर अर्धी लाटलेली पोळी होती. अक्षयची आई कपाळाला हात लावून उभी.

स्नेहल अक्षयकडं वळली. "सांगितलं तसंच हाय," ती म्हणाली. "कमी न्हाई, जास्त न्हाई."

"मग?" अक्षयनं विचारलं.

"पास."

त्या रूम पार्टनरला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांना गरम पोळी-भाजी खायला घातली. जागा नव्हती म्हणून आबा आणि मामा एकाच पालथ्या बादलीवर पाठीला पाठ लावून बसले.

"तरी सांगतो," घास गिळून मामा म्हणाले, "कागदाच्या करारावर माझा इश्वास न्हाई."

"मग सुपारी कवा फोडायची?" आबांनी विचारलं.

"ती उद्याच फोडू!"

लग्न न्हावऱ्यालाच झालं. चुलता म्हणून मला पूर्ण मान मिळाला. फेटा बांधला, नारळ दिला आणि मामांच्या शेजारी सोफ्यावर बसवलं. सोफा कुठं ठेवायचा ते सुनंदानं ठरवलं होतं. तिनं तो डीजेच्या स्पीकरला अगदी चिकटून ठेवला होता. तिथं बसून मी मामांना अण्वस्त्र कपातीचा एक नवा तोडगा, मग भीमेचं पाणी, मग बिबट्या, असं सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी प्रत्येक वाक्याला आनंदानं मान डोलावली. त्यांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. आणि पाहुणे आजही म्हणतात, मुलीचा चुलता माणूस लई गोड, बोलतो बी किती समजुतीनं!