दोन दारांच्या मधली खुर्ची

"मंजूर म्हंजे झालं का नाई झालं, बाबू? मले एवढंच सांगा."

सभेत ठराव वाचून झाला की आमच्या एक नगरसेविका बाई उठून माझ्या रजिस्टरवर बोट ठेवायच्या आणि हेच विचारायच्या. नगरपंचायतीच्या सभेचं इतिवृत्त लिहायचं काम माझं. ठराव झाला म्हणजे काम झालं असं नसतं, हे मी त्यांना पाच वर्षं समजावलं. त्या ऐकतील तर शपथ.

इतर नगरसेविकांचे नवरे सभेला येऊन मागं बसत. या एकट्या, पायी यायच्या. त्यांची वस्ती टेकडीवर. नळाची लाईन पायथ्याशीच संपलेली. ती वर न्यावी, एवढी एकच मागणी.

तुमचंही एखादं काम असं अडलं असेल, तर पुढचं तुम्हाला पाठच असेल. अध्यक्ष म्हणाले, "सभेनं आपलं काम केलं. आता साहेबांकडं." मुख्याधिकारी साहेब म्हणाले, "लाईन कुठून कुठपर्यंत, ते ठरावात नाही. सभेपुढं परत ठेवा." अध्यक्ष विषय परत घेईनात. दोघांचं आपसात बोलणं बंद, आणि निरोप्या मी.

एक दिवस बाईंनी प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि दोघांच्या दारांच्या मधोमध वऱ्हांड्यात मांडली. "इकडचा कागद तिकडं जातानी मले दिसला पायजे." मग रोज अकराला हजर. फाइल घेऊन निघालो की "कुठं चालले?" परत आलो की "काय म्हनले?" माझं डोकं उठायचं. एकदा मी ओरडलोच, "बाई, मी काय नळ खिशात घेऊन फिरतो का?"

त्या हसल्या. डब्यातली भाकर अर्धी मोडून पुढं केली. "खा. तुमचंबी मरनच हाय मधात." राग गेला नव्हता, पण भाकर खाल्ली.

पुढं निवडून आलेल्या सभेची मुदत संपली, निवडणूक काही लागली नाही. मुख्याधिकारी साहेबच प्रशासक झाले. बाई खूश. "आता त दोन्हीकडं एकच मानूस हाय नं?"

मलाही वाटलं, सुटलो. साहेबांनी मुख्याधिकारी म्हणून फाइलवर लिहिलं, 'प्रशासकांच्या मान्यतेस्तव सादर.' सही केली. मग त्याच पेनानं प्रशासक म्हणून खाली लिहिलं, 'नवीन सभेपुढे ठेवावे.' पुन्हा सही.

मी ते पान बाईंना दाखवलं. त्यांनी दोन्ही सह्यांवरून बोट फिरवलं. "अक्षर त एकच हाय, बाबू," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी मला त्यांच्यावर चिडता आलं नाही.

नवीन सभा यायच्या आधीच बाई तापानं गेल्या.

त्यांच्या मागं घरच्यांनी ठेवलेल्या जलदान विधीला मी पहिल्यांदाच ती टेकडी चढलो. इतकी वर्षं कागदावरच होती ती. माझ्या पुढं त्यांची सून पायथ्याच्या हापशीवरून हंडा भरून घेऊन चढत होती. मी रिकाम्या हातानं चढूनही मला धाप लागली.

वंदना झाली. बौद्धाचार्यांनी सुनेला गडव्यातलं पाणी वाटीत ओतायला सांगितलं. वाटी काठोकाठ भरली तशी तिनं हात आवरला.

"थांबू नको, बाई," ते हळूच म्हणाले. "खाली ताटात सांडू दे. तसंच असते."

तिनं गडवा पुन्हा तिरका केला. दारात उभ्या बाया सांडणाऱ्या पाण्याकडं बघत होत्या. मला मान वर करवेना.