दाराशी बसणारा माणूस

वेस्ट मांबलमला आमच्या गल्लीच्या टोकाशी देऊळ आहे. त्याच्या दारात चपला सांभाळत एक आजोबा बसतात. अंगात कायम काळा शर्ट. इथे तमिळ मुलखात ती देव न मानणाऱ्यांची खूण. ते कधीच आत जात नाहीत. पण चपलांचा प्रत्येक जोड रस्त्याकडे तोंड करून ठेवतात, म्हणजे बाहेर येणाऱ्याचा पाय सरळ चपलेत जातो. म्हाताऱ्यांचा जोड तर स्वतः उठून पायापुढे ठेवतात.

सांगलीहून आलेल्या माझ्या आईला त्यांची काळजीच लागली. "इतका भला माणूस, स्वर्गात घेतील का रे त्यांना? विचार की!"

लाज वाटत होती, तरी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारलं. एका चपलेची धूळ झटकत ते हसले. इथे धाकट्या भावाला म्हणतात तसं मला 'तंबी' म्हणत बोलले,

"स्वर्ग असलाच, तर तिथेही चपला बाहेरच काढायच्या ना, तंबी? मग दाराशी कुणीतरी लागेलच."

मी आईला मराठीत सांगितलं. ती आत गेली. एरवी देवळात तिचं निम्मं लक्ष चपलांकडे असतं. त्या दिवशी मात्र डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली.

बाहेर येऊन म्हणाली, "स्पष्ट सांगून आलेय देवाला. यांना स्वर्गात घेणार नसशील, तर मीही चपला काढणार नाही."