रद्द केलेल्या बारा नळ्या

प्रयोगशाळेत सगळे त्यांना ‘थुंकीवाल्या बाई’ म्हणत. तोंडावर नव्हे, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. पंचवीस वर्षं त्यांनी लोकांची लाळच तर तपासली होती.

लाळेत कॉर्टिसोल नावाचं एक संप्रेरक असतं. जिवाला ताण पडला की शरीर ते जास्त सोडतं. एरवी ते सकाळी उठल्यावर अर्ध्याएक तासात चढतं आणि मग दिवसभर उतरत जातं. म्हणून एका माणसाकडून दिवसात चार नळ्या घ्यायच्या: उठल्याउठल्या, अर्ध्या तासाने, दुपारी आणि झोपण्याआधी. सुई नाही, रक्त नाही, नळीत नुसतं थुंकायचं. पण वेळ चुकली, आधी चहा घेतला, दात घासताना हिरडीतून रक्त आलं, की आकडा फसलाच. अशा नळ्यांना बाईंकडे दयामाया नव्हती. रजिस्टरात लाल पेनाने ‘रद्द’ लिहायचं आणि नळी डब्यात टाकायची. “बाईंच्या नजरेतून खोटी थुंकी सुटायची नाही,” असं विभागातले डॉक्टर म्हणत, तेव्हा बाईंची मान जरा ताठ व्हायची.

त्या वर्षी डॉक्टरांनी एक अभ्यास हाती घेतला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घरी सगळं करणाऱ्यांची लाळ तपासायची होती. साठ जण हवे होते, मिळाले एकोणसाठ. बाईंना आपली धाकटी बहीण आठवली.

अर्धांगाचा झटका आल्यापासून आई धाकटीकडेच होती. चार वर्षं झाली होती. त्यापायी धाकटीने शाळेतली नोकरी सोडली होती. बाई महिन्यातून एकदा बसने जात, आईसाठी मऊ चादरी नेत, दुपारभर तिचा हात हातात घेऊन बसत आणि संध्याकाळच्या बसने परत येत. “ताई, हल्ली सकाळ झाली तरी झाल्यासारखी वाटत नाही गं,” असं धाकटी एकदा म्हणाली होती. “थोडं फिरून येत जा,” असं बाईंनी सांगितलं. मनात मात्र म्हणाल्या, हिला लहानपणापासून राईचा पर्वत करायची सवयच आहे.

नळ्यांची पेटी त्यांनी स्वतःच पाठवली. तीन दिवसांच्या बारा नळ्या बर्फात बसून परत आल्या. गोठवल्या, वितळवल्या, यंत्रात गरगर फिरवल्या, वरचं स्वच्छ पाणी तपासणीच्या पट्टीतल्या इवल्याशा वाट्यांत सोडलं. या तपासणीत कॉर्टिसोल जितकं जास्त, तितका पिवळा रंग फिका. धाकटीच्या वाट्या मात्र सगळ्या एकसारख्या पिवळ्या. सकाळ नाही, संध्याकाळ नाही. कागदावर रेघ आली ती पट्टीने आखल्यासारखी सपाट, तिन्ही दिवस.

बाईंचं डोकंच फिरलं. कंटाळा करणारे लोक काय करतात, हे त्यांनी शंभरदा पाहिलं होतं. एका बैठकीत चारी नळ्या भरायच्या आणि वर हव्या त्या वेळा लिहायच्या. त्यांनी तिथूनच फोन लावला.

“चारी नळ्या एकदमच भरल्यास ना? खरं सांग.”

पलीकडे भांड्यात चमचा वाजत होता. मग धाकटी म्हणाली, “झालं असेल तसं.”

“झालं असेल म्हणजे? माझी नाचक्की होते इथे! एवढं एक काम सांगितलं होतं तुला.”

“चुकलं माझं ताई. टाकून दे त्या.”

बाईंनी बाराच्या बारा नळ्या टाकून दिल्या. अभ्यास एकोणसाठ जणांवरच पुरा झाला.

चार महिन्यांनी आई गेली. पंधरा दिवसांनी दोघी बहिणी तिची खोली आवरत होत्या. औषधांच्या खणात बाईंना एक जाड वही सापडली. धाकटीचं बारीक, शिक्षिकेचं अक्षर. ‘सहा वाजून दहा. रक्तदाबाची गोळी. कूस बदलली. सात. अर्धी वाटी पेज, दोनदा ठसका.’ पानामागून पान, चार वर्षांची. त्यातच तीन दिवस कडेला निळ्या शाईत लिहिलेलं होतं: ‘नळी एक, पाच पन्नास. नळी दोन, सहा वीस, चहा त्यानंतरच घेतला. नळी तीन, एक वाजता. आज जेवण राहिलं, नळीसाठी ते बरंच झालं.’

बाई आईच्या रिकाम्या खाटेवर बसल्या. धाकटी खिडकीचे पडदे काढत होती.

“तू नळ्या बरोबर भरल्या होत्यास.”

“हो.”

“मग मला तसं सांगितलं का नाहीस?”

“आईला भरवत होते गं तेव्हा. तिने तोंडातला घास धरून ठेवला होता, गिळत नव्हती. तुझ्याशी वाद घालायला जीव नव्हता अंगात.” धाकटीने पडद्याची घडी घातली. “आणि तू ठरवलंच होतंस की.”

बाई उठल्या. म्हणाल्या, “आण, ते पडदे मी धुते.” धाकटीने दिले नाहीत.

परत आल्यावर त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

“बाई, एका माणसाच्या रेघेवरून काही सिद्ध होत नाही, हे तुम्हीच नव्या मुलींना शिकवता. वर्षानुवर्षांच्या ताणाने रेघ अशी सपाट होते कधीकधी, पण सपाट रेघेला दहा कारणं असतात. आणि अहवाल तर छापूनही झाला.”

“मला सिद्ध काही करायचं नाहीये, डॉक्टर. तिने काम चोख केलं होतं, एवढं कुठेतरी लिहायचंय.”

“मग लिहा,” डॉक्टर हळूच म्हणाले.

बाईंनी जुनं रजिस्टर काढलं आणि त्या लाल शब्दापुढे लिहिलं, ‘नमुने निर्दोष. चूक तपासणाऱ्याची.’ खाली सही केली. ते रजिस्टर पुन्हा कोणी उघडणार नव्हतं, हे त्यांना कळत होतं.

त्यानंतर बाई दर शनिवारी धाकटीकडे जाऊ लागल्या. चार वर्षं त्या घरात दोन हात कमी पडत होते, तेव्हा त्यांना महिन्यातून एक दुपार जमत होती. आता तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तर त्या सकाळच्या पहिल्या बसने पोहोचत. धाकटी दार उघडायची, “ये” म्हणायची, चहा टाकायची. कधी बोलायची, कधी भिंतीकडे तोंड करून झोपून जायची, भर अकरा वाजता. बाई तिला उठवत नसत. बाहेरच्या खोलीत, रेडिओ न लावता, ती जागी होईपर्यंत बसून राहत.