हिरवा ठिपका

ऑफिसात तिला सगळे ठिपकेबाई म्हणत. नऊ वर्षं तिचं काम एकच, पडद्यावरच्या चारशे घरांवर लक्ष ठेवायचं. बहुतेक घरांत एकटी म्हातारी माणसं. दारावर, भिंतीवर, किटलीच्या प्लगवर बसवलेल्या यंत्रांना घरात हालचाल दिसली की ठिपका हिरवा, कनेक्शन तुटलं की करडा, बराच वेळ काहीच हललं नाही की पिवळा. नव्या मुलींना ती दटावून सांगायची, "करड्याला थांबा, पिवळ्याला पळा. हिरव्याकडे बघत बसलात तर जेवायची सुट्टी विसरा."

त्या चारशेंत एक घर तिच्या आईचं होतं. साहेबांच्या मागे लागून तिने ते आपल्या यादीत घेतलं होतं.

एका मंगळवारी अकराच्या सुमाराला शेजारच्या टेबलावरची मैत्रीण हाक मारत आली. "अगं, या आजोबांना मुलगा कालच घेऊन गेला. घर बंद, तरी ठिपका हिरवा! भूतबीत आहे की काय?"

ठिपकेबाईने नोंदी पाहिल्या आणि हसली. "कसलं भूत! केर काढायचं यंत्र आहे ते. दहा वाजता आपोआप सुरू होतं. ते फिरलं की भिंतीवरच्याला वाटतं, माणूसच फिरतंय."

बोलता बोलता तिला आईचं घर आठवलं. तसलंच यंत्र तिने आईला घेऊन दिलं होतं. दहाची वेळही तिनेच लावली होती.

तिने आईच्या नोंदी उघडल्या. आज दहा ते पावणेअकरा, हालचाल. त्याआधी सकाळभर काही नाही. किटली, काल दुपारी चार. न्हाणीघराचं दार, काल संध्याकाळी सहा दहा. किती वेळ काही हललं नाही याची मोजणी, रात्री माणसं झोपतात म्हणून, आठलाच बंद होते आणि सकाळी पुन्हा सुरू होते बरोब्बर दहाला. तिने आईला फोन लावला. वाजत राहिला.

"ॲम्ब्युलन्स पाठव, आईकडे!" एवढंच मैत्रिणीला म्हणून ती धावत सुटली.

टॅक्सीत तिला रडूही येईना, नुसती भीती. दुसऱ्यांच्या आईबापांसाठी नऊ वर्षं पळाली आणि आपल्याच घरी दिव्याखाली अंधार. पूर्वी ती आईला दिवसातून दोनदा फोन करायची. ठिपका दिसायला लागल्यापासून फक्त रविवारी. हिरवा आहे ना, मग कशाला उगाच त्रास द्यायचा, असं ती स्वतःला समजवायची.

ॲम्ब्युलन्स अजून पोचली नव्हती. कुलूप उघडेपर्यंत किल्ली दोनदा हातातून पडली. न्हाणीघराचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आई फरशीवर कुशीला पडली होती, एक पाय वाकडा, ओठ कोरडे पडलेले. आई हलत नव्हती.

"आई?" ती कशीबशी म्हणाली.

आईने सावकाश डोळे उघडले. लेकीकडे बघत राहिली.

"आज रविवार का गं?" तिने विचारलं.