दुसरा फोटो

बारक्या,

तुझ्या कॅमेरा क्लबातले दोघे जण काल येऊन गेले. एक टक्कलवाला आणि एक गळ्यात कॅमेरा अडकवलेला. दुसऱ्याने चहा पितानाही तो काढला नाही. आता बुडतोय कपात, मग बुडतोय, याच धास्तीत मी होते. तुझ्या आठवणींचा अंक काढताहेत म्हणे. माझ्या हातात एक छापील कागद ठेवला : ‘छंदामागील वैयक्तिक उद्दिष्टे व प्रेरणा. शब्दमर्यादा तीनशे. सोबत त्यांचा स्वतःचा सर्वांत आवडता फोटो जोडावा.’

मी म्हटलं, “उद्दिष्टं ज्याची त्याला विचारायची होती ना, तो होता तेव्हा.”

टक्कलवाला म्हणाला, “विचारलं होतं हो मावशी, दहादा. नुसते हसायचे.”

हसायचासच तू. लहानपणी आईने विचारलं, दूध कोणी सांडलं, तरी हसायचास आणि मार खायचास. सांडलेलं असायचं मी.

मला मात्र तू सांगितलं होतंस. एकदाच. ते सांगायचं तर मी काय करून ठेवलं तेही सांगावं लागतं आणि ते तीनशे शब्दांत मावत नाही. म्हणून तुलाच लिहिते. तुला पाठ असलेलंही यात येईल, कारण कागद शेवटी त्यांच्या हातात जायचा आहे.

एकतीस वर्षं तू सरकारी इस्पितळाच्या एक्स-रे खोलीत काढलीस. तळमजला, जिन्याच्या मागे, दारावर लाल दिवा. खोली कायम गार, कारण मशीनला उकाडा सोसत नाही. माणसं कुडकुडली तरी चालतं. दिवसाला साठ-सत्तर माणसं आणि त्यातल्या निम्म्यांची छाती. मला वाटायचं, बटण दाबायला कसलं डोकं लागतं? पडून माझा हात मोडला तेव्हा दोन तास बाकावर बसून मी तुझं काम पाहिलं. छातीचा फोटो पाठीमागून काढतात हे मला तेव्हा कळलं. माणूस भिंतीवरच्या पाटीला छाती लावून उभा, हनुवटी वर, हात कमरेवर. तू खांद्यांना धरून कोपर पुढे ढकलायचास, मग आडोशामागे जाऊन छोट्या काचेतून पाहायचास. “श्वास घ्या. रोखा. हलू नका.” खट्ट. “सोडा.” दिवसभर तेच. घरी भाजी वाढतानाही तुझ्या तोंडून “हलू नका” निघायचं.

मग कॅमेरा आणलास. माझे यजमान जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. तू पाकीट उघडून तो सेकंडहँड डबा माझ्यासमोर धरलास आणि मी म्हटलं, “वा! बहिणीच्या घरात ही अवकळा आणि तुला हौस सुचतेय?” तू पाकीट बंद केलंस. परत काही माझ्यासमोर उघडलं नाहीस, सहा महिने.

पण उघडलंस, तेव्हा सगळ्या खानदानाला उभं केलंस. आणि काय ते फोटो! तू सवयीने म्हणायचास, “श्वास घ्या, रोखा,” आणि आम्ही मेंढरांसारखे रोखायचो. काका फुगलेले, काकू फुगलेली, धाकटा भाचा तर डोळे वटारलेला बेडूक. तुझी बायको म्हणायची, “वन्सं, लग्न झाल्यापासून मी श्वास रोखूनच उभी आहे. सोडा म्हणायला हे विसरले.”

विसरायचा नाहीस तू. खट्ट झालं की “सोडा” म्हणायचास आणि लगेच, कोणाला कळायच्या आत, आणखी एकदा खट्ट. मी ओरडायचे, “अरे, एकाच माणसाचे दोन-दोन कशाला? फिल्म काय झाडाला लागते?” त्यावरही हसायचास.

नऊ वर्षं हे चाललं. इस्पितळातल्या आया, पहारेकरी, लिफ्टवाला, तुझ्या गल्लीतला चावीवाला, मी. प्रत्येकाचे दोन. बुटांच्या खोक्यांत फोटो आणि वर पेन्सिलीने तारीख. कुणी म्हणे प्रदर्शन भरव, कुणी म्हणे लग्नाच्या ऑर्डरी घे. तुझ्या बायकोला वाटायचं, निवृत्तीनंतर स्टुडिओ काढणार. मला वाटायचं, माझ्या भावाला हात आहे पण उमेद नाही. भूमिती शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे साध्य काय आणि सिद्धता कुठे, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. तुझ्याकडे दोन्ही दिसेनात.

म्हणून मी ठरवलं. क्लबाची स्पर्धा होती, विषय ‘माणसं’. तू ड्यूटीवर असताना मी तुझ्या घरी गेले आणि माळ्यावरची खोकी खाली काढायला लावली. तुझी बायको म्हणाली, “वन्सं, त्यांना विचारा तरी.”

“विचारलं तर हसेल. तू खोकं धर.”

जेवायच्या टेबलावर मी दोन गठ्ठे केले. पेपर तपासायची सवय, हात चालतच होता. ताठ, नीट, समोर बघणारे ते पास. दुसरे सगळे नापास. मान अर्धी वळलेली, खांदे पडलेले, कोणाचं तोंड उघडं, कोणाचा हात शर्टाच्या बटणाकडे. निम्मे तर हललेले. माझाही एक होता. मी आ वासून मागे वळून बघतेय, चष्मा नाकावर घसरलाय, अगदी भाजीवाल्याशी भांडताना दिसत असेन तशी. तो मी आधी फाडला. मग बाकीचे. नापासांचा ढीग घरात कशाला? पुन्हा चुकून कोणाच्या हाती लागायचा.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण खोक्यांच्या तळाशी इस्पितळाची जुनी खाकी पाकिटं निघाली, वर पेशंटांचे नंबर. उजेडात धरून बघण्याची तसदीही घेतली नाही. मला वाटलं, हा गाढव लोकांच्या एक्स-रे फिल्मा घरी आणून ठेवतोय, उद्या नोकरीवर येईल. मी ती सगळी पाकिटं पिशवीत भरली, इस्पितळाच्या रेकॉर्ड खोलीत नेली आणि “चुकून आली होती,” असं सांगून ठेवून आले. तुला वाचवल्याच्या तोऱ्यात घरी आले आणि छान झोपले.

त्या पाकिटांत तुझ्या निगेटिव्ह होत्या. रिकामी, रद्द झालेली पाकिटं तू त्यासाठी मागून आणायचास, हे मला कोण सांगणार? तू चौकशीला गेलास तोवर रेकॉर्ड खोलीतला जुना माल लिलावात गेला होता. एक्स-रे फिल्म धुऊन त्यातली चांदी काढतात. तुझी नऊ वर्षं चांदीवाल्याच्या हौदात गेली.

हे सगळं मला पुढे कळलं. तेव्हा फक्त निकाल आला होता. तिसरा नंबर, लिफ्टवाल्याच्या फोटोला. परीक्षकांचा शेरा : ‘चेहऱ्यावरचा ताठ स्वाभिमान लक्षणीय.’ तू वाचलंस आणि पहिल्यांदा खदखदून हसलास. “ताई, स्वाभिमान कसला? श्वास रोखलाय त्याने!” मीही हसले. प्रमाणपत्र मी स्वतः चौकट करून आणलं होतं. भिंतीवर खिळाही मीच ठोकला.

मग तू म्हणालास, “याचा दुसरा कुठे आहे?”

“दुसरे सगळे फाडले. बिघडलेले होते.”

“सगळे?”

“सगळे. आणि आता तोंडात मूग धरून बसू नकोस. बोल काय ते.”

तू खिळ्याकडे बघत बोललास. एवढं सलग तू आयुष्यात माझ्याशी बोलला नसशील.

म्हणालास, “ताई, दिवसभर मला पाठीच दिसतात. मी सोडा म्हणतो आणि मग माणूस वळतो. प्रत्येक जण वळतो आणि एकच विचारतो, ‘झालं?’ त्याला फोटोचं विचारायचं नसतं. तो माझा चेहरा वाचत असतो. मला पुढच्या दहा मिनिटांत आत फिल्म धुतल्यावर दिसणार असतं काय आहे ते, आणि मी बोलायचं नसतं. रिपोर्ट डॉक्टरचा. म्हणून मी पहिल्या वर्षीच शिकलो, ते वळले की खाली बघायचं. रजिस्टरमध्ये काहीतरी लिहायचं.” मग म्हणालास, “भाऊजी आले होते ना. एक फिल्म आधीच धुतली होती, दुसरी घ्यायला मी त्यांना परत उभं केलं. मला माहीत होतं. ते वळले, म्हणाले, ‘काय रे बारक्या, झालं?’ मी रजिस्टर उघडलं. त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्या बहिणीचा नवरा, आणि मी तारीख लिहीत बसलो.”

मी ती प्रमाणपत्राची चौकट उलटी करून ठेवली. मी! विचार कर.

“तो चेहरा माझा बघायचा राहिला,” तू म्हणालास. “म्हणून कॅमेरा. मला पहिला फोटो कधीच नको होता. पहिला काढल्याशिवाय दुसरा मिळत नाही म्हणून काढायचा. नऊ वर्षांत एकदाच बरोबर सापडला. तुझा. वळून तू ओरडलीस, ‘झालं का रे एकदाचं?’ आणि मी खाली बघितलं नाही.”

तो मी सगळ्यांत आधी फाडला होता, बारक्या.

तेही सांगितलं मी तुला. दूध सांडल्याचं कधी कबूल केलं नाही, हे केलं. तू खिशातून एक पावती काढलीस. त्या फोटोची एवढी निगेटिव्ह वाचली होती, मोठी प्रत करायला दिलेली, शहरात अजून फिल्म धुणाऱ्या एकमेव दुकानात. “पाय दुखतात माझे, बस तिथे थांबत नाही. तुझ्या वाचनालयाच्या रस्त्यावरच आहे. जाता-येता घेऊन ये.”

“उद्याच आणते.”

तुला वाटलं असेल, ताईच्या हातात काम दिलं म्हणजे झालंच. सगळ्यांनाच वाटतं. मी वीज बिल पहिल्या दिवशी भरते, लोकांना पत्रांची उत्तरं त्याच टपालाने देते. त्या दुकानाच्या पायरीशी मात्र आले की पाय पुढे जायचे. तो फोटोतला चेहरा मी एकदा पाहिला होता आणि मला तो नापास वाटला होता. परत बघायची हिंमत होईना. तू दोनदा विचारलंस, “आणलंस?” मी म्हटलं, “उद्या.” तिसऱ्यांदा विचारलं नाहीस. नवी फिल्मही घातली नाहीस. कॅमेरा बुटांच्या रिकाम्या खोक्यात गेला.

दोन वर्षांनी तुझा खोकला थांबेना, तेव्हा तुला तुझ्याच खोलीत मी घेऊन गेले. आडोशामागे आता एक तरणी मुलगी होती. तुझ्याच हाताखाली शिकलेली, तिने तुला सर म्हटलं आणि तुझे खांदे धरून कोपर पुढे ढकलले. “श्वास घ्या सर. रोखा.” तुला कुठला रोखवतोय. मी दारात उभी होते. ती “सोडा” म्हणाली आणि तू वळलास. तिच्याकडे नाही वळलास. तिची अडचण तुला ठाऊक होती. तू माझ्याकडे वळलास आणि म्हणालास, “झालं?”

मी पर्स उघडली आणि रुमाल शोधू लागले. रुमाल माझ्या हातातच होता.

शेवटच्या आठवड्यात तू विचारलंस, “तो फोटो आणलास का गं?” मी म्हटलं, “हो, केव्हाच. कपाटात आहे.”

“कसा आलाय?”

“बरा आहे.”

“बरा काय! चांगला आहे,” तू म्हणालास आणि माझ्यावर डाफरल्याच्या आनंदात डोळे मिटलेस. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना कॉपी करताना पकडलं आणि तुझ्याशी असं खोटं बोलले की एका शब्दानेही पकडली गेले नाही.

तर तुझी उद्दिष्टं आणि प्रेरणा ही. क्लबवाल्यांनी काय कापायचं ते कापावं. फोटो मात्र त्यांना शुक्रवारपर्यंत हवाय. लिफ्टवाल्याचा द्यायला ते तयार आहेत, त्याला नंबर मिळालाय म्हणून. मी सांगितलं, खबरदार. दुसरा देते.

पावती पर्समध्ये आहे, छोट्या चेनच्या कप्प्यात. मागे बारीक अक्षरात छापलंय की सहा महिन्यांनंतर दुकानाची जबाबदारी नाही. दुकान उघडं असतं. समोरच्या बाजूने जाताना मला दिसतं. म्हाताऱ्याच्या मागे एक लाकडी कपाट आहे, पाकिटांनी गच्च भरलेलं. त्यातल्या एखाद्यात मी असेन, किंवा नसेन. आज गुरुवार. दुकान नऊला उघडतं, दुपारी बाराला बंद होतं. साडेअकरा वाजून गेलेत, चपला दाराशी आहेत आणि मी अजून तुला लिहितेच आहे.