झिऱ्याकाठची शेळी

वनमाला दोन दिवस बोलली नव्हती. नऊ वर्षांची पोर, एरवी साऱ्या वस्तीच्या बातम्या घरात आणणारी. आता भिंतीला पाठ लावून बसून राहायची आणि बाहेर जरा खुट्ट झालं की आईचा पदर मुठीत घट्ट धरायची.

सुगंधाला त्या शांततेचीच जास्त भीती वाटत होती. पोर रडली असती, ओरडली असती, तर तिला जवळ घेऊन थोपटता तरी आलं असतं.

मुलुंडला कॉलनीच्या इमारती संपतात आणि डोंगराच्या पायथ्याची पत्र्याची घरं सुरू होतात, तिथे सुगंधाचं घर होतं. नवरा सहदेव गिरणीत साच्यावर कापड विणायचा. संप झाला, गिरणी पुन्हा उघडलीच नाही, आणि तीन वर्षं इकडेतिकडे करून तो आता भांडुपला एका कारखान्याच्या गेटवर दिवसपाळीचा वॉचमन झाला होता. घर उभं राहिलं ते सुगंधाच्या शेळ्यांवर. मालवणाकडच्या माहेरी तिने शेळ्या राखल्या होत्या, ते इथे उपयोगी पडलं. एकीच्या पाच झाल्या. तान्ह्या पोरांच्या आया, दम्याची म्हातारी माणसं सकाळी भांडं घेऊन तिच्या दारात येत.

जनावर डोंगरात आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. कॉलनीवाले मागच्या भिंतीवरून खरकटं फेकत, त्यावर कुत्री पोसली होती आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या खाली उतरायला लागला होता. पायथ्याची माणसं त्याला वाघच म्हणत. पण आजवर तो कुत्र्यांवर भागवत होता.

रविवारी, उन्हं कलली होती तेव्हा, वनमाला शेळ्या घेऊन घराकडे वळली होती. सुगंधा दारात तांदूळ निवडत होती. तिला सगळं दिसलं, म्हणजे काहीच दिसलं नाही. घाणेरीच्या झुडपातून एक पिवळा झोत निघाला, मागची कबरी शेळी एकदाच ओरडली, आणि दुसऱ्या क्षणी तिथे शेळी नव्हती. वनमाला त्या जागेपासून दहा पावलांवर उभी होती. हातातली काठी तशीच धरून.

सुगंधाच्या डोळ्यांसमोर ती दहा पावलं सारखी येत राहिली. भात वाढताना, केर काढताना. त्याने दहा पावलं अलीकडे झेप घेतली असती तर?

मंगळवारी सकाळी शिवदास आला. दोन घरं पलीकडे त्याच्या चार म्हशी होत्या. माणूस आडदांड, पण अडल्यानडल्याला धावून येणारा. त्याच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत पत्र्याचा डबा.

"गावाहून आणलंय, शेतात फवारायचं औषध," तो म्हणाला. "कबरी कुठं पडलीय ते शोधू. तो परत येणारच तिच्यावर. एकदा खाल्लं की खेळ खलास."

सहदेव कामाला निघाला होता. तो चप्पल घालता घालता थांबला. "सुगंधा, ह्या भानगडीत तू पडा नको."

"आणि उद्या तो पोरीक घेवन गेलो तर?" सुगंधा म्हणाली. "चल रे शिवदास."

ओढत नेल्याची खूण नाल्याच्या कडेने वर गेली होती. सुगंधा शिवदासच्या मागे चालत होती, हातात कोयता. कारवीच्या वाळक्या काड्या वाऱ्याने एकमेकींवर घासल्या की तिच्या मानेवरचे केस उभे राहत. कबरी एका उतरत्या कातळावर सापडली, पाल्यापाचोळ्याने अर्धी झाकलेली. मागचा एक पाय खाल्लेला होता. गळ्यात सुगंधानेच वळलेलं दावं तसंच होतं.

शिवदासने नाकाला रुमाल बांधला आणि डबा उघडला. असा उग्र वास आला की सुगंधाने पदर नाकाला लावला. त्याने तिच्याकडचा कोयता घेऊन मांस चिरलं आणि त्यात औषध ओतलं. "आता हिला हात लावू नकोस," तो म्हणाला. "चल, मला दूध घालायला जायचंय."

परत येताना सुगंधाला जरा हलकं वाटलं होतं, हे खरं. आज ना उद्या हे संपेल. पोर बोलायला लागेल.

दुपारी दोनच्या सुमाराला शकु आली. डोंगरातल्या पाड्यावरची ही बाई सुगंधाच्याच वयाची. मोळ्या विकायला खाली यायची आणि जाताना सुगंधाकडे घोटभर चहा पिऊन जायची. आज तिने मोळी टेकवली आणि पाय पसरून बसली.

"पाय मोडले गं. विहीर आटली आमची," ती म्हणाली. "चार दिवस झाले, नाल्यात झिरा खणलाय. मोठ्या कातळाच्या खाली. थेंब थेंब येतं, पण गोड आहे पाणी. चार वाजले की सगळ्या बाया तिथेच."

सुगंधाने कपबशी खाली ठेवली. "कुठल्या कातळाच्या खाली?"

"उतरता आहे बघ तो, वर उंबर आहे."

उंबर. सकाळी सुगंधा त्याच उंबराला टेकून उभी राहिली होती. खाली वाकून पाहायचं तिला सुचलंही नव्हतं. तिचं सगळं लक्ष झाडीकडे होतं.

तिने शकुला सगळं सांगितलं. एकही शब्द लपवला नाही, कारण लपवायला वेळच नव्हता. शकुचा चेहरा बघता बघता दगडासारखा झाला. ती उठली, मोळी तिथेच टाकली.

"मी पाड्यावर जाते, बायांना अडवते," ती म्हणाली. "तू ते तिथून काढ. पाण्यात उतरायच्या आत काढ. वाघोबा बसलेला असेल तरी काढ."

शिवदास दूध घालायला गेला होता, तो संध्याकाळपर्यंत येणार नव्हता. सहदेव भांडुपला. सुगंधाने वनमालेला शेजारच्या सुनंदाकाकूंकडे बसवलं. पोरीने पदर सोडला नाही. एकेक बोट उकलून तिला तो सोडवावा लागला.

मग ती निघाली. हाताला गुंडाळायला गोणपाट, एक लांब दोर आणि कोयता. सकाळी शिवदासची पाठ समोर होती. आता समोर नुसती वाट होती. ऊन लख्ख होतं, तरी कारवीच्या आत दोन हातांपलीकडे दिसत नव्हतं. पायाखाली पान मोडलं की ती थांबायची, ती थांबली की सगळंच थांबायचं, आणि तेच जास्त वाईट होतं. आपण मेलो तर पोरीला कोण सांगणार, एवढा एकच विचार डोक्यात फिरत होता.

उंबराखाली कबरी होती तशीच होती, पण पालापाचोळा बाजूला सरलेला होता. वाऱ्याने, की कुणी सारला? कातळावरून एक ओलसर काळा ओघळ खाली निघाला होता. झिरा कबरीच्या खाली सहा-सात हातांवर होता. ओघळ अजून पाण्याच्या वीतभर वर थांबलेला होता.

सुगंधाने हाताला गोणपाट गुंडाळला, दोर कबरीच्या गळ्यातल्या दाव्याला बांधला आणि ओढलं. शेळी हलली नाही. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा डावीकडच्या झाडीतून आवाज आला. ओरडणं नव्हे ते. लाकूड कापताना करवत अडकावी तसा खर्जातला, घशातला आवाज.

तिला पळता आलं नाही. काड्यांच्या मागे आधी तिला नुसते ठिपके दिसले, मग त्या ठिपक्यांत दोन डोळे. तो बसलेला होता, वीस-पंचवीस हातांवर, आणि त्याची नजर तिच्यावर नव्हती. शेळीवर होती.

म्हणजे तो आत्ताच आला होता. किंवा खाऊन बसला होता.

सुगंधा पुढे कित्येकदा म्हणाली, की तेव्हा आपल्या तोंडून काय निघालं ते आपल्यालाच कळलं नाही. दोन दिवस ज्याच्या मरणाची वाट पाहिली त्याच्याशी ती मोठ्याने बोलायला लागली, माहेरच्या बोलीत. "खाव नको रे बाबा. तेच्यात विष आसा. जा, खाव नको." आणि बोलता बोलता दोर ओढत राहिली. थांबलं की तो उठेल असं तिला वाटत होतं. आवाज थांबला की सगळं संपलं.

कातळाच्या पलीकडे जुना दगडखाणीचा खड्डा होता. तिथवर तिने कबरीला उलट्या पावलांनी नेलं, तोंड सतत झाडीकडे. तो एकदा उठला. चार पावलं चालला. पुन्हा बसला. सुगंधाला आपल्या तोंडात रक्ताची चव लागली. ओठ कधी चावला ते कळलं नव्हतं.

मग वरून हंड्यांवर दगड बडवल्याचा आवाज आला. शकु आणि पाड्यावरच्या दहा-बारा बाया ओरडत उतरत होत्या. काड्या हलल्या आणि ठिपके दिसेनासे झाले.

बायांनी खड्डा दगडांनी भरला, कातळावरचा ओघळ माती टाकून खरवडला, विषाच्या भीतीने झिराही बुजवला. शकुने तिचे हात राखेने पुन्हा पुन्हा घासून धुतले, पण एकदाही तिच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाड्याला पाणी नव्हतं. सुगंधा नळावर गेली आणि वस्तीतल्या बायांना म्हणाली, "माझ्यामुळे त्यांचं पाणी गेलंय. त्यांना रोज दहा हंडे भरू द्या, माझा नंबर शेवटी लावा." भांडणं झाली, झिंज्या उपटायची वेळ आली, पण सुनंदाकाकू तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. पावसाळ्यापर्यंत पाड्यावरच्या बाया त्या नळावर पाणी भरत होत्या. शकु हंडा भरायला यायची आणि सुगंधाच्या दारावरून तशीच पुढे जायची.

वाघाचं काय झालं ते आठ दिवस कळलं नाही. सुगंधा रोज आकाशात कुठे घारी घिरट्या घालतायत का ते बघायची. तो कुठेतरी तडफडून मेला असेल असं मनात आलं की तिला घास गिळवत नसे. तो जिवंत असेल असं मनात आलं की ती दाराची कडी पुन्हा तपासायची. नवव्या दिवशी तिन्हीसांजेला कॉलनीच्या भिंतीपाशी कुत्रं केकाटलं आणि माणसं पळत सुटली.

शिवदास धापा टाकत दारात आला. "तोच! मी बघितला त्याला. तुझ्यामुळे जगला मेला."

"होय," सुगंधा म्हणाली. ती उंबऱ्यावर बसली. घरात वनमाला उभी होती.

"आई," तिने दहा-अकरा दिवसांत पहिल्यांदाच तोंड उघडलं, "शेळ्या आत घे."

त्या रात्री चारही शेळ्या घरातच, माणसांच्या उशाशी बांधल्या. पुढे सहदेवने सुट्टीच्या दिवशी पत्रा आणि जाळी आणून गोठा बंद केला आणि शिवदासनेही, कुरकुरत का होईना, म्हशींच्या गोठ्याला दार बसवलं. तो डबा मात्र त्याने सुगंधासमोर खड्डा खणून पुरला.

शकु आली ती जूनमध्ये, विहिरीला पाणी लागल्यावर. मोळी टेकवली, बसली आणि चहा मागितला. सुगंधाने चहा टाकला. बाहेर उजेड असूनही तिने आधी दार लोटलं, कडी घातली, मग साखरेचा डबा उघडला.